पोर्शे ९११ : क्रीडा मोटारगाडीतील परंपरा व परिवर्तन

जर्मनीतील श्टुटगार्ट येथील पोर्शे कंपनीची दोन दरवाजांची क्रीडा मोटारगाडी. १९६३ मध्ये फ्रँकफुर्ट येथील मोटारगाड्यांच्या प्रदर्शनात ती प्रथम मांडण्यात आली व १९६४ पासून तिचे उत्पादन अखंड चालू आहे. मागील आसाच्याही मागे बसविलेले एंजिन, त्यात समोरासमोर आडवे मांडलेले सहा सिलिंडर आणि मागे सलग उतरत जाणारे छत ही तिची मुख्य लक्षणे होत. ही लक्षणे कायम असली, तरी मूळ गाडीचा जवळजवळ एकही भाग आजच्या गाडीत तसाच राहिलेला नाही. एखादी वस्तू पूर्णपणे बदलूनही तीच कशी राहते, हा प्रश्न क्रीडा मोटारगाड्यांच्या सर्वच निर्मात्यांपुढे असतो. ९११ चा इतिहास हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण समजण्यात येते.

प्रश्नाचे स्वरूप : सामान्य मोटारगाडी सोय, किंमत आणि इंधनाचा खर्च पाहून घेतली जाते. तिच्यात सुधारणा झाली, तर ग्राहक ती आनंदाने स्वीकारतो. क्रीडा मोटारगाडीचे तसे नाही. तिचा आकार, एंजिनाचा आवाज, हाताला व पायाला मिळणारा प्रतिसाद आणि शर्यतींतील तिचा लौकिक यांसाठी ग्राहक मोठी किंमत मोजतो. त्यामुळे तांत्रिक दृष्ट्या निर्दोष असलेली सुधारणाही त्याला हानी वाटू शकते. उलटपक्षी अपघातातील सुरक्षितता, निष्कास वायू व आवाज यांविषयीचे नियम कडक होत जातात, प्रतिस्पर्धी गाड्या वेगवान होतात आणि न बदललेली गाडी काही वर्षांतच बाजारातून नाहीशी होते. काय राखावे व काय टाकावे याचा निर्णय चुकला, तर पोर्शेसारख्या लहान कंपनीचे अस्तित्वच धोक्यात येते.

उगम : फेर्डिनांड पोर्शे (१८७५–१९५१) यांनी फोक्सवॅगन या लोकप्रिय मोटारगाडीचा आराखडा तयार केला होता. त्यांचे पुत्र फेरी पोर्शे (१९०९–९८) यांनी फोक्सवॅगनचे भाग वापरून १९४८ मध्ये ऑस्ट्रियातील ग्म्युंट येथे ‘३५६’ ही कंपनीच्या नावाची पहिली गाडी तयार केली. मागील बाजूचे, हवेने थंड होणारे एंजिन हा वारसा अशा रीतीने स्वस्त लोकमोटारीकडून आलेला आहे. ३५६ च्या जागी आणावयाच्या गाडीचा आकार फेरी यांचे पुत्र फेर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे (१९३५–२०१२) यांनी ठरविला. तिला प्रथम ‘९०१’ हा क्रमांक दिला होता. परंतु मध्ये शून्य असलेल्या तीन अंकी क्रमांकांवर फ्रान्समधील प्यूजो कंपनीने आपला हक्क सांगितल्यामुळे तो ‘९११’ असा बदलण्यात आला. आरंभीचे एंजिन १,९९१ घ. सेंमी. क्षमतेचे व १३० अश्वशक्तीचे होते. ३५६ मधील एंजिनाला चार सिलिंडर होते, ते आता सहा झाले. म्हणजेच पुढे परंपरा म्हणून जपले गेलेले सहा सिलिंडर हा मुळात परंपरेतील बदल होता.

मूळ दोष व त्याचे निवारण : मागील आसाच्या मागे एंजिन असल्याने गाडीचा बराचसा भार मागील चाकांवर पडतो. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना चाकांची रस्त्यावरील पकड चांगली राहते आणि ब्रेक लावताना चारही चाके परिणामकारक काम करतात. मात्र वेगात वळण घेताना चालकाने प्रवेगकावरील पाय एकाएकी काढला, तर भार पुढे सरकतो, मागील टायरांची पकड सुटते आणि जड असलेला मागचा भाग बाहेर फेकला जातो. आरंभीच्या काही गाड्यांत यावर उपाय म्हणून पुढील बंपरच्या आत ओतीव लोखंडाची वजने बसविण्यात आली. १९६८ मध्ये एंजिन जागेवरच ठेवून मागील चाके ५७ मिमी. मागे नेण्यात आली. पुढे रुंद टायर, सुधारित निलंबन, चारही चाकांना शक्ती पुरविणारी योजना व इलेक्ट्रॉनीय नियंत्रण यांची क्रमाने भर पडली. एंजिनाची जागा बदलणे हा सोपा उपाय होता. कंपनीने तो स्वीकारला नाही. एक दोष टिकवून त्याला वश करण्यात अभियंत्यांनी कित्येक दशके खर्च केली आणि त्यातूनच या गाडीचे वेगळेपण घडत गेले.

सक्तीच्या बदलांची परंपरा : आज परंपरागत मानली जाणारी अनेक वैशिष्ट्ये मुळात गरजेपोटी आलेली आहेत. अमेरिकेत उघड्या छताच्या गाड्यांवर बंदी येईल या भीतीने १९६५ मध्ये ‘टार्गा’ हा प्रकार मांडण्यात आला. गाडी उलटल्यास प्रवाशांचे रक्षण व्हावे, म्हणून त्यात आसनांच्या मागे रुंद पोलादी कमान ठेवली होती. तशी बंदी आली नाही. पण कमान लोकांना आवडली आणि २०१४ च्या टार्गा गाडीत ती मुद्दाम परत आणण्यात आली. १९७२ च्या ‘कारेरा आरएस २·७’ या गाडीच्या मागील झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा होता. मोठ्या वेगात मागचा भाग हवेमुळे उचलला जाऊ नये, एवढाच त्याचा उद्देश होता. आज तो त्या गाडीची ओळख होऊन बसला आहे. त्यानंतरच्या वर्षी अमेरिकेतील नियमांमुळे धक्का शोषणारे मोठे बंपर बसवावे लागले. ते मूळ आकाराला शोभणार नाहीत असे वाटण्यासारखे होते. तरीही त्या स्वरूपात गाडी १९८९ पर्यंत विकली गेली.

गाडी बंद करण्याचा निर्णय : १९७० नंतरच्या दशकात कंपनीचे प्रमुख एर्न्स्ट फूरमान यांच्या कारकीर्दीत ९११ चे दिवस संपत आल्याचे मानले जाऊ लागले. हवेने थंड होणाऱ्या एंजिनाला आवाजाचे व निष्कास वायूंचे नवे नियम पाळणे जड जाणार, असा अंदाज होता. त्यामुळे १९७७ मध्ये ‘९२८’ ही गाडी आणण्यात आली. तिचे आठ सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे एंजिन पुढे आणि गिअरपेटी मागे असल्याने भार दोन्ही आसांवर जवळजवळ समान विभागला जाई. १९७८ चा ‘युरोपातील वर्षातील मोटारगाडी’ हा सन्मानही तिला मिळाला. अभियांत्रिकीच्या बहुतेक कसोट्यांवर ती सरस होती. परंतु ९११ चे ग्राहक तिच्याकडे वळले नाहीत.

१९८१ मध्ये पीटर शुट्स हे कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, विकासविभागाचे प्रमुख हेल्मूट बोट यांच्या कक्षातील तक्त्यावर इतर गाड्यांच्या रेषा पुढे चालू होत्या, तर ९११ ची रेषा १९८१ मध्येच थांबत होती. शुट्स यांनी लेखणी घेऊन ती रेषा तक्त्याबाहेर भिंतीवर वाढविली. ९११ चे उत्पादन चालू राहिले आणि ९२८ चे १९९५ मध्ये थांबले. या अनुभवातून कंपनीला एक गोष्ट उमगली. गाडीतील परंपरेचे मूल्य आराखड्याच्या गुणदोषांवरून ठरत नाही. ते ग्राहकाच्या नकारातून कळते.

दिसणारे व न दिसणारे बदल : यानंतर कंपनीने आत बदल करावयाचे आणि बाहेरची रेषा सांभाळावयाची, असे धोरण ठेवले. १९८८ मध्ये आलेल्या ‘९६४’ या पिढीत पीळ घेणाऱ्या दांड्यांऐवजी मळसूत्री स्प्रिंगा बसविल्या गेल्या. चारही चाकांना शक्ती देण्याची सोय व ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा आली. मागील पंख ताशी सु. ८० किमी. वेगास आपोआप वर येई व वेग कमी झाला की पुन्हा खाली बसे. उभ्या गाडीची रेषा त्यामुळे जुनीच दिसे.

याच सुमारास कंपनीवर आर्थिक संकट आले. १९८६ च्या सुमारास वर्षाला ५०,००० हून अधिक असलेली गाड्यांची विक्री १९९३ पर्यंत सु. १४,००० पर्यंत घसरली. व्हेंडेलिन व्हीडेकिंग यांच्या नेतृत्वाखाली जपानी उत्पादनपद्धतीचे जाणकार बोलावून कारखान्याची फेरमांडणी करण्यात आली आणि दोन गाड्यांमध्ये शक्य तितके भाग समाईक ठेवण्याचे ठरले. १९९६ ची ‘बॉक्स्टर’ व १९९७ ची ९११ ची ‘९९६’ ही पिढी या निर्णयातून जन्मली.

९९६ मध्ये सर्वांत मोठा यांत्रिक बदल झाला. एंजिन हवेऐवजी पाण्याने थंड होऊ लागले. प्रत्येक सिलिंडराला चार झडपा बसविल्या, तर सिलिंडराच्या डोक्यातील उष्णता केवळ हवेने काढून टाकणे अवघड जाते आणि आवाजही आटोक्यात राहत नाही. म्हणून हा बदल अटळ होता. १९८६ च्या ‘९५९’ या गाडीत सिलिंडरांची डोकी पाण्याने थंड करून त्याची पूर्वतयारीही झालेली होती. हवाशीत एंजिनाच्या चाहत्यांना या बदलाचे दुःख झाले, तरी ग्राहकांनी तो स्वीकारला. आधीच्या ‘९९३’ या पिढीच्या सु. ६८,००० गाड्या तयार झाल्या होत्या; ९९६ च्या सु. १,७५,००० झाल्या. टीकेचा रोख मात्र पुढील दिव्यांवर अधिक राहिला. गोल दिव्यांच्या जागी बॉक्स्टरशी समाईक असे वेड्यावाकड्या कडांचे दिवे आले होते आणि महागड्या गाडीचा चेहरा स्वस्त गाडीसारखा झाल्याची तक्रार होती. २००४ च्या ‘९९७’ या पिढीत गोल दिवे परत आले. हवेने थंड होणारे एंजिन परत आले नाही. गाडीच्या अंतर्भागातील क्रांती खपून गेली आणि दिव्यांतील काटकसर खपली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

चालकाचा सहभाग : २०१३ मध्ये शर्यतीच्या धर्तीची ‘९११ जीटी३’ ही गाडी केवळ दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरपेटीसह विकण्यात आली. हाताने गिअर बदलण्यापेक्षा ही पेटी अधिक जलद होती; तरीही अनेक ग्राहकांनी नाराजी व्यक्त केली. २०१६ मध्ये हाताने बदलावयाच्या गिअरांची ‘९११ आर’ ही गाडी अवघ्या ९९१ नगांपुरती काढण्यात आली, तेव्हा वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात तिला मूळ किमतीहून पुष्कळ अधिक किंमत येऊ लागली. २०१७ पासून जीटी३ मध्ये हाताच्या गिअरपेटीचा पर्याय पुन्हा देण्यात आला. वेग हेच क्रीडा मोटारगाडीचे अंतिम साध्य असते, तर ही माघार घ्यावी लागली नसती.

इतर निर्मात्यांचे मार्ग : प्रत्येक निर्मात्याची परंपरा निराळ्या ठिकाणी वसलेली असते. अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीच्या ‘कॉर्व्हेट’ (१९५३) या गाडीचे एंजिन साठ वर्षांहून अधिक काळ पुढे होते. २०१९ मध्ये मांडलेल्या आठव्या पिढीत ते आसनांच्या मागे नेण्यात आले. आठ सिलिंडर व दांड्यांनी उघडणाऱ्या झडपा ही जुनी रचना मूळ प्रकारात राखण्यात आली. जपानमधील माझ्दा कंपनीच्या ‘एमएक्स-५’ (१९८९) या गाडीत हलकेपणा ही परंपरा मानली जाते. तिची २०१४ मध्ये मांडलेली चौथी पिढी तिसरीपेक्षा सु. १०० किग्रॅ. हलकी होती. तुलनेने ९११ वाढत गेली आहे. १९६३ मध्ये तिची लांबी सु. ४·१६ मी. व रुंदी १·६१ मी. होती, २०१८ मध्ये मांडलेल्या ‘९९२’ या पिढीत ती अनुक्रमे सु. ४·५२ मी. व १·८५ मी. झाली. प्रमाणे जपल्यामुळे ही वाढ डोळ्यांना सहज जाणवत नाही.

विद्युत् युग : मोठे प्रयोग ९११ वर न करता निराळ्या नावाच्या गाड्यांवर करावयाचे, ही पद्धत कंपनीने पुढेही चालविली. २००२ मध्ये ‘कायेन’ ही उंच बांधणीची गाडी आणि २०१९ मध्ये पूर्णतः विजेवर चालणारी ‘टायकान’ ही गाडी आली. ९११ चा दहा लाखावा नग मे २०१७ मध्ये तयार झाला. मे २०२४ मध्ये ‘कारेरा जीटीएस’ या प्रकारात प्रथमच एंजिनाला विद्युत् चलित्राची जोड देण्यात आली. एक चलित्र गिअरपेटीत व दुसरे निष्कास वायूंवर फिरणाऱ्या टर्बोचार्जरमध्ये आहे. विद्युत् घटमालेची क्षमता केवळ १·९ किलोवॉट-तास असून गाडी निव्वळ विजेवर धावत नाही. घटमाला लहान ठेवल्याने वजनातील वाढ सु. ५० किग्रॅ. इतकीच झाली. त्याच वेळी चालकासमोरील मध्यवर्ती फेरेमापकाचा खराखुरा काटा गेला. त्या जागी पडदा आला. पण जुन्या पाच गोल तबकड्यांचे चित्र त्यावर उमटविण्याची सोय ठेवलेली आहे.

एंजिन मुळीच नसलेल्या गाडीत मात्र मागे एंजिन ठेवण्याची परंपरा उरणार नाही. आकाराची रेषा, भाराची विभागणी व चालकाला मिळणारा प्रतिसाद यांवरच तेव्हा ९११ ला आपली ओळख टिकवावी लागेल. यांपैकी ग्राहक कशाला अत्यावश्यक मानतात, हे यापूर्वीच्या प्रत्येक बदलाप्रमाणेच गाडी विकावयास आणल्यावर स्पष्ट होईल.