वाळूवर उरलेली अंडी

कॅलिफोर्नियात हंटिंग्टन बीचजवळ बोल्सा चिका नावाचं राखीव पाणथळ क्षेत्र आहे. मे २०२१ मध्ये तिथल्या वाळूच्या बेटावर एक ड्रोन कोसळला. बेटावर सुमारे ३००० सुरय पक्षी अंडी उबवत बसले होते. ते सगळे उडाले आणि पुन्हा त्या अंड्यांवर बसलेच नाहीत. मागे उरली किमान दीड हजार अंडी. ड्रोन उडवायला तिथे आधीपासूनच बंदी होती.

त्या वेळची छायाचित्रं पाहताना पोटात कालवतं. फिकट वाळूवर गडद ठिपक्यांची अंडी जवळजवळ पसरलेली आणि आसपास एकही पक्षी नाही. हा सुरय म्हणजे ‘एलिगंट टर्न’. नारिंगी चोच, डोक्यावर काळा तुरा, घरटं म्हणजे वाळूतला उथळ खळगा आणि त्यात बहुधा एकच अंडं. या पक्ष्यांची बहुतेक वीण मेक्सिकोतल्या इस्ला रासा या चिमुकल्या बेटावर होते. उरलेल्या मोजक्या जागांपैकी बोल्सा चिका ही एक. त्यामुळे इथला एक हंगाम बुडणं ही किरकोळ गोष्ट नाही.

एवढ्याशा यंत्राला हजारो पक्षी इतके का बिचकले? उघड्या वाळूवर आडोसा नसतो. खेटून बसायचं आणि वरून काही आलं की सगळ्यांनी एकदम उठायचं, हाच त्यांचा बचाव. उजनी धरणाकाठच्या भिगवणला नावेतून पक्षी पाहिलेल्यांनी हे अनुभवलं असेल. शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला की पाण्यावरचा सगळा थवा क्षणात हवेत असतो. त्यातल्या किती जणांनी तो खरंच पाहिलेला असतो? बाकीचे शेजाऱ्याला बघून उठतात. वरून उतरणारी आकृती सुरयाला ससाण्यासारखीच. तिच्या पोटात कॅमेरा आहे, हे त्याला कसं कळणार? साधी घबराट असेल तर पक्षी काही मिनिटांत परत बसतात. पण संकट थेट वसाहतीत येऊन आदळलं, तर ती जागाच भरवशाची राहत नाही. सुरय बरीच वर्षं जगतो. जीव वाचला तर पुढच्या वर्षी पुन्हा अंडं घालता येईल, म्हणून तो यंदाचं सोडून देतो. आणि ऊब-सावली धरणारं कुणी नसेल तर उन्हात अंड्यातला जीव फार काळ टिकत नाही.

‘आम्ही लांबूनच उडवतो, पक्षी हलतसुद्धा नाहीत,’ असं ड्रोनवाले हौशी म्हणतात. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. दक्षिण फ्रान्समधल्या संशोधकांनी बदकं, रोहित आणि तुतारी जातीच्या पक्ष्यांकडे ड्रोन नेण्याचे २०४ प्रयोग केले; ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दहापैकी आठ वेळा ड्रोन चार मीटरपर्यंत जाऊनही पक्ष्यांनी हालचाल केली नाही. सरळ डोक्यावरून उतरणारा ड्रोन मात्र त्यांना सर्वाधिक खटकला. त्यातले रोहित उजनीच्या पाण्यावर येतात त्याच जातीचे.

पण न हलणं म्हणजे न घाबरणं का? त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिनेसोटातून याचं उत्तर आलं. तिथल्या काळ्या अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके नोंदवणारी उपकरणं बसवली होती. ड्रोन वर आला तरी अस्वलं बहुतेकदा जागची हलली नाहीत. ठोके मात्र सगळ्यांचेच वाढले. पिलं सोबत असलेल्या एका मादीचे ठोके मिनिटाला ४१ वरून १६२ वर गेले. मला या सगळ्या विषयात हा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुर्बिणीतून बघणाऱ्याला ते अस्वल निवांतच दिसलं असतं.

म्हणून अंतर ठरवून देण्यापेक्षा विनापरवाना उड्डाणच बंद ठेवणं मला योग्य वाटतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांत हाच नियम आहे. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांनी २०१४ मध्ये बंदी आणली. त्याच वर्षी झायॉन उद्यानात ड्रोनमुळे रानमेंढ्यांचा कळप पांगून पिलं मोठ्यांपासून तुटली होती. संशोधकांना परवाना मिळतो आणि तो मिळायलाच हवा. ऑस्ट्रेलियात किनाऱ्यावर हजारो प्लास्टिकची बदकं मांडून केलेल्या प्रयोगात ड्रोनच्या छायाचित्रांवरची मोजणी जमिनीवरून केलेल्या मोजणीपेक्षा अचूक ठरली. पण अशा कामात उंची, वेळ आणि हंगाम आधी ठरतो. सुट्टीच्या दिवशी खोक्यातून काढून उडवलेल्या ड्रोनला यातलं काहीच ठाऊक नसतं. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवरही दुसऱ्या जातींचे सुरय अंडी घालतात. तिथेही उघडा कातळ, आडोसा नाही.

बोल्सा चिकातली ती अंडी सुटली, त्याच उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्याच लाँग बीच बंदरातल्या दोन मालवाहू तराफ्यांवर हजारो एलिगंट टर्न वीण करताना आढळले. त्यांतले बरेच तिथूनच उठून आलेले असावेत, असा अंदाज होता. तराफ्याची कड म्हणजे सरळ पाणी. उडता न येणारी पिलं कडेपर्यंत चालत येत आणि खाली पडत. पक्षी वाचवणारे लोक होड्या घेऊन दिवसच्या दिवस तिथे फिरले, आणि भिजून काकडलेली शेकडो पिलं एकेक करून त्यांनी पाण्यातून उचलली.