वाघोबा खिंडीत फियाट आणि ॲम्बॅसडर

पद्मिनी सरस की ॲम्बॅसडर, हा वाद आकडे नुसते शेजारी मांडून मिटत नाही. ते रस्त्यावर उतरवून पाहावे लागतात. पामहून बोईसर, पुढे पालघर आणि वाघोबा खिंड ओलांडून मनोर, एवढा रस्ता त्याला पुरतो.

पद्मिनी मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात ती तयार व्हायची, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. ॲम्बॅसडर मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली, बंगालच्या उत्तरपाड्यात २०१४पर्यंत बनलेली.

पेट्रोल मॉडेलंच घेऊ. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद सुमारे ४० हॉर्सपॉवर, वजन ९०० किलोच्या आसपास. ॲम्बॅसडरचं इंजिन १४८९ सीसी, सुमारे ५० हॉर्सपॉवर. वजन ११०० किलो धरू. ताकदीला वजनाने भागलं तर टनामागे पद्मिनीला ४४ आणि ॲम्बॅसडरला ४५ हॉर्सपॉवर येतात. म्हणजे जवळपास बरोबरी!

आता दोन्ही गाड्यांत साठ-साठ किलोची पाच माणसं बसवा. तीनशे किलो दोघींवर सारखेच चढले, पण हलक्या गाडीला ते जास्त जाणवतात. पद्मिनी ३३वर येते, ॲम्बॅसडर जवळजवळ ३६वर राहते. माहितीपत्रकात हा हिशेब सहसा नसतो, आणि माझ्या मते खरी तुलना इथेच सुरू होते.

चढावर आणखी एक गोष्ट कामाला येते. पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५. ॲम्बॅसडरमध्ये हेच आकडे ७३ आणि ८९. मोठ्या सिलिंडरात प्रत्येक स्फोटाचा जोर जास्त, आणि लांब धावेमुळे क्रँकशाफ्टला तो लांब दांड्याने मिळतो. म्हणून कमी फेऱ्यांतही ॲम्बॅसडर ओढत राहते. पद्मिनीला मात्र फेऱ्या वाढवून द्याव्या लागतात, म्हणजे खालचा गिअर लवकर.

बोईसरच्या बाजारात पारडं फिरतं. पद्मिनीची लांबी साधारण ३.९ मीटर, ॲम्बॅसडरची ४.३. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतरही पद्मिनीत बारा सेंटिमीटरने कमी, त्यामुळे ती चिंचोळ्या जागेत सहज वळते. एकट्या-दुकट्याला रोज गावात फिरायचं असेल, तर मी पद्मिनीच निवडेन. खड्ड्यांच्या रस्त्यावर मात्र ॲम्बॅसडरची ऐसपैस मागची सीट सुखाची.

खिंडीच्या उतारावर ॲम्बॅसडरचं वजन तिच्याच विरोधात जातं. दोघींच्या जुन्या मॉडेलांत चारही चाकांना ड्रम ब्रेक. सतत दाबले की ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनिंगची पकड घटते आणि पेडल खोल जातं. १४०० किलो रोखताना उष्णता १२०० किलोपेक्षा साहजिकच जास्त. म्हणून दोन्ही गाड्या, आणि ॲम्बॅसडर तर नक्कीच, ज्या गिअरमध्ये चढवली त्याच गिअरमध्ये उतरवावी. बराचसा वेग इंजिनच धरून ठेवतं आणि ब्रेक वळणासाठी थंड राहतात.