विद्यार्थिनी गर्भिणी आणि वैद्याचा आधार

गर्भधारणेस साहाय्यक भावांमध्ये चरकाचार्यांनी सौमनस्याला श्रेष्ठ मानले आहे. गर्भिणीस तेलाने भरलेल्या पात्राप्रमाणे, किंचितही क्षोभ न होऊ देता जपावे, असेही ते सांगतात. शोक, भय, वेगधारण, विषमासन ही गर्भास उपघातक होत. शिक्षणासाठी पुण्यात एकटी राहणारी विद्यार्थिनी गर्भिणी असते तेव्हा ही कारणे तिच्या नित्यक्रमातच एकवटलेली आढळतात. परीक्षेचे जागरण, तासिकेत रोखलेला मूत्रवेग, खानावळीचे अवेळी अन्न आणि अविवाहित असल्यास लोकापवादाचे भय. म्हणून तिची चिकित्सा आधारापासूनच सुरू होते.

अशा आधाराची परंपरा याच शहरात आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे विधवांना गुप्तपणे सुरक्षित प्रसूत होता येई. अशाच एका मातेचा पुत्र यशवंत त्यांनी दत्तक घेतला. पुढे डॉक्टर होऊन त्याने १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा केली.

आज अशी मुलगी आल्यास प्रथम एकांतात, दूषण न देता ऐकून घ्यावे. गर्भ किती आठवड्यांचा व कोठे रुजला आहे, याची सोनोग्राफीने निश्चिती करून घ्यावी. पुढील निर्णय तिचाच. प्रौढ स्त्रीस गर्भपातासाठी आईवडिलांची अथवा पतीची संमती लागत नाही. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका आणि विशिष्ट परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन अधिकृत डॉक्टरांचे मत आवश्यक असते. अविवाहितेलाही ही २४ आठवड्यांची तरतूद लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. भीतीने दवडलेला प्रत्येक आठवडा तिचा पर्याय आकुंचित करतो. या कायद्याखाली गर्भपात करण्याचा अधिकार आपणांस नाही. काढे वा उष्ण-तीक्ष्ण द्रव्ये देणे तर अपूर्ण गर्भस्राव व घोर रक्तस्रावास आमंत्रणच. तिला विनाविलंब मान्यताप्राप्त केंद्रात पाठवावे. मुलगी १८ वर्षांखालील असल्यास पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे, हे तिला सौम्यपणे समजावून सांगावे.

गर्भ वाढवावयाचा असेल तर ससून अथवा महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात तिची नोंदणी करवावी. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या चालू ठेवून दूध, तूप, मुगाचे कढण असा सात्म्य आहार सांगावा. पाठीला आधार देऊन बसणे, तासाने उठणे व रात्री वेळेवर झोपणे हे नियम अभ्यास सांभाळूनही पाळता येतात. शिक्षण सोडण्याची घाई तिने करू नये. विद्यार्थिनींना प्रसूती रजा व उपस्थितीत सवलत मिळावी यासाठी नियम करण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये विद्यापीठांना सांगितले आहे. प्राचार्यांकडे अर्ज करताना आपले प्रमाणपत्र तिच्या उपयोगी पडेल.

अपत्याचा सांभाळ अशक्य असल्यास बालकल्याण समितीपुढे त्यास विधिवत सोपविता येते. फेरविचारासाठी कायदा दोन महिने देतो.

तिने परवानगी दिल्यास आई, मावशी, मैत्रीण यांपैकी एकीला विश्वासात घ्यावे. परवानगीवाचून मात्र चिकित्सालयातील शब्द बाहेर जाऊ नये. गुप्ततेची खात्री असेल तरच मुलगी वेळेवर वैद्याकडे येते, आणि वेळेवर आली तरच तिला वाचविता येते.