टपालाने येणारे किट आणि त्याचे उत्तर



साठी आली की आपल्यापैकी अनेकांच्या घरी टपालाने एक किट येते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची ही चाचणी घरीच करायची असते. विषय शौचाचा, म्हणून काही घरांत ते किट खणात पडून राहते. काही मंडळी चाचणी करतात आणि ‘निगेटिव्ह’ उत्तर आले की कायमची निर्धास्त होतात. दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत, म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

भारतात या कॅन्सरचे नाव त्या मानाने कमी ऐकू येते. न्यूझीलंडमध्ये मात्र दरवर्षी ३,००० हून अधिक लोकांना तो होतो आणि १,२०० हून अधिक दगावतात. २०१२ ते २०१७ या काळात ऑकलंडच्या वाइटेमाटा भागात चाचणीचा प्रयोग झाला. जुलै २०१७ मध्ये हट व्हॅली आणि वाइरारापा येथून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २०२२ पर्यंत देशभर पोचला. वयोमर्यादा ६० ते ७४ होती. ती टप्प्याटप्प्याने ५८ वर आणायला ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरुवात झाली.

ही चाचणी कॅन्सर शोधत नाही, शौचातले डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधते. ती फक्त माणसाच्याच रक्ताला प्रतिसाद देते, त्यामुळे आदल्या दिवशी मटण खाल्ले असले तरी हरकत नाही. पण गाठ रोज रक्त सोडतेच असे नाही. त्या दिवशी रक्त नसेल, तर गाठ असूनही उत्तर निगेटिव्ह येईल.

मग भरवसा किती ठेवायचा? अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार अशा चाचण्या १०० पैकी सुमारे ७९ कॅन्सर पकडतात आणि कॅन्सर नसलेल्या १०० जणांपैकी ९४ जणांना बरोबर ‘निगेटिव्ह’ म्हणतात. ऐकायला छान वाटते. आता हिशेब मांडू. समजा १०,००० जणांनी चाचणी केली आणि त्यांत ३० जणांना कॅन्सर आहे. २४ सापडतील, ६ निसटतील. शिवाय कॅन्सर नसलेल्या जवळजवळ ६०० जणांचेही उत्तर ‘पॉझिटिव्ह’ येईल. म्हणून पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे आणि निगेटिव्ह म्हणजे अभयपत्र नव्हे. पॉझिटिव्ह आल्यावर दुर्बिणीने तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी होते. त्यात पॉलिप सापडले तर तिथेच काढून टाकता येतात आणि पुढचा कॅन्सर टळू शकतो.

चाळणीची भोके किती बारीक ठेवायची हेही माणसेच ठरवतात. वाइटेमाटाच्या प्रयोगात दर मिलिलिटरला ७५ नॅनोग्रॅम रक्तद्रव्य आढळले की पॉझिटिव्ह धरत. राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करताना ही मर्यादा २०० ठेवली, कारण कोलोनोस्कोपी करण्याची देशाची क्षमता मर्यादित होती. जाड चाळणीत विनाकारण धास्ती कमी, पण निसटणारे जास्त. म्हणूनच चाचणी दर दोन वर्षांनी पुन्हा करायची असते. एकदा निसटलेले पुढच्या वेळी सापडण्याची संधी त्यातच आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही चाचणी त्रास नसलेल्यांसाठी आहे. शौचात रक्त दिसत असेल, शौचाची सवय बदलून काही आठवडे झाले असतील, वजन विनाकारण घटत असेल किंवा रक्त कमी झाले असेल, तर किटची वाट पाहू नका आणि जुन्या निगेटिव्ह उत्तरावर विसंबू नका. ‘मूळव्याधच असेल’ हे निदान घरी करू नये, ते जीपीला करू द्यावे. वय ४० असले तरी हेच लागू.

याच कारणाने घास घशाखाली अडकत असेल, तरी हे किट कामाचे नाही. अन्ननलिकेतले रक्त खाली येईपर्यंत पचून जाते आणि चाचणीला दिसत नाही. अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी न्यूझीलंडमध्ये असा राष्ट्रीय कार्यक्रमही नाही. तेव्हा घास अडकू लागला की थेट डॉक्टरांकडे जावे.

काही व्यवहाराच्या गोष्टी: किट सरकारी आरोग्यसेवेस पात्र असलेल्यांना मोफत मिळते. पत्ता बदलला असेल तर जीपीकडे नवा पत्ता द्या. फॉर्मवर नमुना घेतल्याची तारीख विसरू नका आणि नमुना लगेच पोस्टात टाका. घरात कोणाला इंग्रजी सूचना अवघड जात असतील, तर मुलांनी किंवा सुनांनी संकोच न करता त्या वाचून समजावून सांगाव्यात. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना हे किट येत नाही. पण त्यांना त्रास असेल, तर पैसे पडतील म्हणून दुखणे अंगावर काढू देऊ नका.

खणात किट पडले असेल, तर आधी त्यावरची मुदत पाहा. मुदत उलटली असल्यास फोन करून नवे मागवा. नसेल, तर या आठवड्यातच ते काम उरकून टाका, ही सर्वांना आमची आग्रहाची विनंती.