दीड फेऱ्यानंतर कान

पाककृतीच्या पुस्तकात सगळ्यात अवघड सूचना एकच असते : मीठ चवीनुसार. बाकी सगळं वाटी-चमच्याने मोजता येतं. इथं मात्र पुस्तक हात वर करतं आणि आपल्याला आपल्याच जिभेच्या हवाली करतं. टू-स्ट्रोक मोटारसायकलचं माहितीपुस्तकही असंच असतं. कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू अलगद पूर्ण आवळा आणि मग साधारण दीड फेरा सोडा, एवढं ते सांगतं. पुढचं सांगायचं काम इंजिनाचं आणि ऐकायचं काम आपलं.

हा विषय घराघरांत निघण्याचं कारण म्हणजे यामाहा आरएक्स 100. 1985 ते 1996 या काळात आपल्याकडे बनलेली ही 98 सीसीची, अकरा अश्वशक्तीची गाडी. उत्पादन थांबून तीन दशकं होत आली, तरी तिचं वेड ओसरलेलं नाही. गाडी बंद झाली तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशी मुलं ती शोधून आणतात, मागचा मडगार्ड उतरवतात, खाचांचे टायर चढवतात आणि मातीत पळवायला नेतात. आईला धुण्याची काळजी, वडिलांना हाडांची. इंजिनाची काळजी मात्र सहसा कोणी करत नाही आणि मातीवर पहिला घात तेच करतं.

असं का, हे समजायला थोडं आत शिरावं लागेल. टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याच्या प्रत्येक वर-खाली फेरीत एक स्फोट होतो. मिनिटाला साडेसात हजार फेरे, म्हणजे सेकंदाला सव्वाशे स्फोट. या प्रत्येक स्फोटासाठी हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण हवं आणि ते करतो कार्ब्युरेटर. त्यामागचं तत्त्व जुनंच आहे. इटलीच्या जोव्हान्नी व्हेंतुरी यांनी 1797 मध्ये ते मांडलं : अरुंद जागेतून जाताना प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब घटतो. कार्ब्युरेटरच्या आवळलेल्या गळ्यातून हवा सुसाट जाते, दाब पडतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक छिद्रांतून वर ओढलं जातं. ही छिद्रं म्हणजे जेट.

आता खुबी पाहा. मूठ किती पिळली आहे, यावर पेट्रोल कोणत्या वाटेने येणार ते ठरतं. पाव मुठीपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रूचं राज्य. पावपासून पाऊण मुठीपर्यंत निमुळत्या सुईचं. त्यापुढे मेन जेटचं. या हद्दी काटेकोर नाहीत, शेजारच्या गावांच्या शिवांसारख्या त्या एकमेकींत मिसळतात. तरीही तक्रार कोणत्या मुठीला आहे हे कळलं की दोष कुठं शोधायचा ते कळतं. गाडी सिग्नलला घुटमळत असेल तर मेन जेट बदलून काही होणार नाही. सपाटीवर पूर्ण मूठ पिळल्यावर दम तुटत असेल तर एअर स्क्रू फिरवत बसण्यात अर्थ नाही.

पेट्रोल जास्त झालं की गॅरेजच्या भाषेत मिश्रण 'रिच', हवा जास्त झाली की 'लीन'. रिच गाडी घोगऱ्या आवाजात बोलते, धूर ओकते, एक स्फोट गाळून चालल्यासारखी अडखळते. प्लग काढला तर काळा, ओलसर. लीन गाडीचा आवाज कोरडा, तार ताणल्यासारखा. प्लग पांढुरका. प्लगचा रंग भाजलेल्या बिस्किटासारखा असला की साधलं, असं जुने मेकॅनिक सांगत आले. आजच्या पेट्रोलवर हा रंग पूर्वीइतका स्पष्ट उमटत नाही, म्हणून कानाचं काम वाढलं आहे.

एअर स्क्रूची गंमत अशी की तो आवळला की हवेची वाट अडते आणि मिश्रण रिच होतं. नळ बंद केल्यासारखी कृती, पण पेट्रोलचं प्रमाण वाढतं. सुईचंही तसंच. तिच्या वरच्या टोकाजवळ खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप बसते. क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल जास्त येतं. नवशिके इथं हमखास उलटं करतात.

खरा जाणकार मात्र स्क्रू-ड्रायव्हर शेवटी हातात घेतो. आधी तो एअर फिल्टर धुतो, कारण मातीने भरलेला फिल्टर हवा अडवतो आणि सगळं निदान चुकवतो. मग कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर आहे का ते पाहतो. तिथून चोरून आत शिरलेली हवा कोणत्याही जेटला आवरत नाही. मूठ सोडली तरी इंजिनाचे फेरे लवकर उतरत नसतील तर संशय पहिला तिथं. इंजिन चांगलं गरम झाल्यावरच तो ट्यूनिंगला बसतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दोन बदलल्या तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

शिवाय हे गणित एकदा सुटलं की कायमचं सुटलं, असंही नाही. मुंबईत नीट लावलेली गाडी महाबळेश्वरला नेली तर साडेतेराशे मीटर उंचीवर हवा सुमारे आठव्या हिश्शाने विरळ होते. पेट्रोल तितकं घटत नाही, म्हणून गाडी रिच होऊन घोगरते. तिथं लहान जेट टाकला आणि तसंच घाट उतरून कोकणात गेलात, तर तीच गाडी धोकादायक लीन होते. नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटेची थंड, दाट हवाही तोच प्रकार करते. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने 2025 मध्ये गाठलं. साधं पेट्रोल जळायला वजनाने चौदा-पंधरा पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पटच पुरते. म्हणजे जुन्या जेटवर नवं पेट्रोल घातलं की गाडी आपोआप लीन बाजूला सरकते. कोणी हात न लावता बिघडलेल्या कितीतरी जुन्या गाड्यांचं मूळ इथं असू शकतं.

लीनची एवढी भीती का? कारण टू-स्ट्रोकला तेल मिळतं ते येणाऱ्या मिश्रणाबरोबरच. टाकीतच तेल मिसळून चालवणाऱ्याचं पेट्रोल कमी झालं की तेलही कमी होतं. उष्णता वाढते, दट्ट्या फुगतो आणि सिलिंडरला धरून बसतो. इंजिन सीज होतं, मागचं चाक जागच्या जागी आवळलं जातं. मुरलेले स्वार एक बोट कायम क्लचवर ठेवतात ते याचसाठी. यावर उपाय म्हणून कोणी पेट्रोलमध्ये जास्तीचं तेल ओततो. पण छिद्र तेवढंच, त्यातून तेल जास्त गेलं तर पेट्रोल तेवढं कमी जाणार. सावधगिरी म्हणून केलेली गोष्टच मिश्रण आणखी लीन करते.

सगळ्यात मोठी मेख पुढेच आहे. लीन होत चाललेली गाडी वाईट पळत नाही, उलट काही काळ ती झकास पळते. आवाज मोकळा, पिकअप चलाख, धूर नाही. आजवर इतकी चांगली कधी पळाली नव्हती, असं मुलगा घरी येऊन सांगतो आणि पुढच्याच रविवारी गाडी टेम्पोतून येते.

बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना हे दृश्य मी वेगळ्या रूपात पुष्कळदा पाहिलं. राखीव म्हणून काही न ठेवता शेवटचा रुपया धंद्यात फिरवणाऱ्याचा ताळेबंद डोळ्यांत भरतो. पहिला चढ लागेपर्यंत. त्याच टेबलावर गॅरेजवाल्यांचेही अर्ज येत. हत्यारं, जागेचं भाडं, जामीनदार, सगळ्यांना रकाने असत. ज्या भांडवलावर ते गॅरेज चालणार होतं, त्या कानाला मात्र रकाना नव्हता.

हा कान आता उतरणीला लागला आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले, नव्या मोटारसायकलींत इंधन मोजण्याचं काम संगणकाकडे गेलं. ते वाईट झालं असं म्हणवत नाही. टू-स्ट्रोक इंजिन न जळलेल्या मिश्रणाचा बराच भाग धुराड्यातून बाहेर फेकतं आणि शहरांच्या फुप्फुसांनी त्याची किंमत वर्षानुवर्षं मोजली आहे. रस्त्यावरून ते गेलं हे बरंच झालं. पण बंदिस्त मातीच्या ट्रॅकवर, डोक्याला हेल्मेट आणि गुडघ्याला कवच घालून, एखादा मुलगा ते ऐकायला शिकत असेल तर त्याला शिकू द्यावं. प्रमाण बिघडल्याचं बिघाड होण्याआधी ओळखणं ही काही फक्त गॅरेजात लागणारी विद्या नाही.

त्याला एक दोनशे पानी वही मात्र आणून द्यावी. तारीख, गाव, हवा, जेटचा नंबर, सुईची खाच, प्लगचा रंग, सगळं त्याने तीत लिहावं. ट्यूनिंग मनासारखं जमलं की मेन जेट एक नंबर मोठा टाकावा. गाडी किंचित मंदावेल, ती मंदी म्हणजे विम्याचा हप्ता समजावा. आणि वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत नव्या पिस्टनची किंमत लिहून ठेवावी.