रोम पडद्यावर आले, भोगवर्धन कधी येणार?

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजा उभा राहतो, नाहीतर लढाई. त्या राजाच्या नगरात पहाटे जाते कोण ओढत होते, बाजारात मापात पाप कोण करत होते, हे प्रश्न आपल्याला सहसा पडत नाहीत. युरोपातल्या हौशी मंडळींना मात्र ते पडले. इंग्लंडमध्ये १९७२ साली 'अर्माइन स्ट्रीट गार्ड' ही संस्था निघाली. तिचे सभासद रोमन सैनिकांची चिलखते नि ढाली पुराव्यांवरून हुबेहूब घडवतात आणि अंगावर चढवून मैदानात उतरतात. खुद्द रोममध्ये २१ एप्रिलला, नगरीच्या वाढदिवशी, प्राचीन वेषातली मिरवणूक निघते. अशा माणसांसमोर कॅमेरा ठेवला की संग्रहालयातली मुकी वस्तू बोलू लागते. चिलखत खांद्याला कुठे काचते, हे ते घातल्याशिवाय कळत नाही.

जालन्यात बसून मी हे का सांगतो आहे? रोमच्या त्या जगाचा एक धागा आमच्या भोकरदनपर्यंत येतो म्हणून. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पाँपेई शहर गाडले गेले. १९३८ साली तिथल्या एका घरात हस्तिदंताची, वीतभर उंचीची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दासी. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पुढे १९७३ मध्ये डॉ. शां. भा. देव आणि डॉ. गुप्ते यांनी भोकरदनला उत्खनन केले, तेव्हा त्याच घाटणीची हस्तिदंती मूर्ती मातीतून वर आली. पाँपेईची मूर्ती इथेच कोरली गेली, असे काही अभ्यासक म्हणतात. तिच्यावरच्या खरोष्ठी अक्षराकडे बोट दाखवून काही जण वायव्य भारताचे नाव घेतात. तो वाद विद्वानांनी करावा. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, हे मात्र नक्की. सांची आणि भरहूतच्या दानलेखांत इथल्या दात्यांचा उल्लेख आहे.

पाँपेईच्या शेवटच्या दिवसावर बीबीसीने २००३ साली नटमंडळी घेऊन चित्रपट केला. आपल्याकडेही ही परंपरा नाही असे नाही. श्याम बेनेगलांनी १९८८ मध्ये 'भारत एक खोज'च्या त्रेपन्न भागांतून इतिहास घराघरांत नेला. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या 'जाणता राजा'त हत्ती-घोडे खरोखर मैदानात आले. पण भोगवर्धनचा कारागीर? तो कुणाच्या पडद्यावर आला?

बँकेच्या नोकरीत कुंभार, सुतार, विणकर यांची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावरून जात. अर्जात 'व्यवसाय' या रकान्यात एक शब्द लिहिला जाई. त्या शब्दामागची हाताची करामत कोणत्याच रकान्यात मावत नसे. काठीने चाक फिरवून मडके उतरवणारे हात आता थकले आहेत. विजेच्या चाकाला ती काठी लागत नाही. याच माणसांना भोगवर्धनच्या कुंभाराची, सुताराची भूमिका द्यावी. त्यांना अभिनय करावा लागणार नाही, फक्त काम करायचे. जुने जीवन दिसेल आणि आजची विद्याही टिपली जाईल.

मात्र हे काम अभ्यासाने व्हावे. भाड्याचे मुकुट आणि जरीचे शेले नकोत. अजिंठ्याच्या नवव्या-दहाव्या लेण्यांतली सातवाहनकाळातली चित्रे इथून फार दूर नाहीत. पागोटे कसे बांधायचे ते तिथे पाहावे. हस्तिदंताला आज कायद्याने बंदी आहे. मूर्ती लाकडात कोरावी. आणि स्वयंपाकघरात मिरची दिसता कामा नये! ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीबाजारामुळे गाजलेल्या या तालुक्यात हे कुणाला पटवायचे म्हणजे कठीणच. पण नेमक्या अशाच गोष्टींनी मुलांचे डोळे उघडतात.

यासाठी मोठे भांडवल लागत नाही. एखादे महाविद्यालय, इतिहासाचे एक हौशी सर, गावातले चार कारागीर आणि हातातला मोबाइल एवढ्यावर सुरुवात होईल. राजाला पडद्यावर आणायला हत्ती लागतात. कारागिराला आणायला त्याची हत्यारे पुरतात, आणि ती वापरणारी माणसे अजून आपल्यात आहेत. तेवढ्यात हे व्हायला हवे.