मोटारीचा दरवाजा उघडताना : टाळता येण्याजोग्या अपघाताविषयी थोडेसे

रस्त्यावरील अपघात म्हटला की दोन भरधाव वाहनांची टक्कर डोळ्यांपुढे येते. परंतु कडेला उभ्या असलेल्या मोटारीत बसताना किंवा तिच्यातून उतरताना होणाऱ्या दुखापतीही प्राणावर बेतू शकतात. त्यांतील बहुतेक टाळता येण्याजोग्या असल्यामुळे या विषयाची माहिती आमच्या हितचिंतकांपर्यंत पोहोचावी, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे कडेला थांबलेल्या मोटारीचा उजवा दरवाजा वाहत्या रहदारीत उघडतो. ताशी 40 किलोमीटर वेगाने येणारा दुचाकीस्वार एका सेकंदात सुमारे 11 मीटर अंतर कापतो. त्याच्यापुढे आठ-दहा मीटरांवर अचानक दरवाजा उघडला, तर ब्रेक दाबण्यापूर्वीच तो त्यावर आदळतो. किंवा त्यास चुकविण्यासाठी उजवीकडे वळून मागून येणाऱ्या अवजड वाहनाच्या वाटेत पडतो. डोके, मनगट व गळपट्टीचे हाड यांना अशा वेळी विशेष इजा संभवते.

उतरणारी व्यक्तीही सुरक्षित नसते. सीटबेल्ट काढलेला, एक पाय जमिनीवर आणि दुसरा आत, अशा अवस्थेत मोटारीची कोणतीही संरक्षक व्यवस्था तिच्या उपयोगी पडत नाही. मागून धडक बसताच पाय दरवाजा व चौकट यांमध्ये चिरडला जाऊ शकतो. मांडीचे हाड मोडल्यास एक लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त मांडीतच साचू शकते. कटीच्या हाडांचा भंग झाल्यास रक्तस्राव याहूनही मोठा असू शकतो. बाहेर जखम दिसत नाही, म्हणून इजा किरकोळ समजणे धोक्याचे आहे.

नडगीच्या दुखापतीत आणखी एक धोका दडलेला असतो. तेथील स्नायू चिवट आवरणांच्या कप्प्यांत बंदिस्त असतात. आत सूज वाढली की कप्प्यातील दाब वाढतो, स्नायूंना होणारा रक्तपुरवठा खुंटतो आणि साधारण सहा तासांत कायमची हानी होऊ शकते. इजेच्या मानाने अतिशय तीव्र वेदना, पायाची बोटे दुसऱ्याने हलविताच कळ येणे, पोटरी टणक होणे, मुंग्या येणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी आवरण छेदून दाब मोकळा करण्याची शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते. मालीश करणे, लेप लावणे किंवा घट्ट पट्टी बांधून सकाळची वाट पाहणे म्हणजे पाय गमावण्याची जोखीम पत्करणे होय.

अपघातस्थळी प्रथम मागील रहदारी थांबवावी व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब द्यावा. मान किंवा पाठ दुखत असल्यास जखमीस ओढून काढू नये अथवा उठवून बसवू नये. मोडलेला अवयव आहे त्या स्थितीत आधार देऊन ठेवावा. शस्त्रक्रियेची शक्यता लक्षात घेऊन चहापाणी देऊ नये. मदत करणाऱ्याने कायद्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. 2019 साली मोटार वाहन कायद्यात समाविष्ट झालेल्या कलम 134-अ नुसार सद्भावनेने साहाय्य करणाऱ्यास संरक्षण आहे व नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. तसेच मे 2025 पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्तास नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळू शकतात.

प्रतिबंधाचा उपाय मात्र बिनखर्चाचा आहे. शक्य तेथे डाव्या बाजूनेच उतरावे. मात्र तिकडून येणारे सायकलस्वार व पादचारी पाहूनच. आरशात पाहावे, मग दरवाजाकडील नव्हे, तर दूरच्या हाताने दरवाजा उघडावा. उजव्या बाजूस बसलेल्याने डावा हात वापरला की शरीर आपोआप वळते आणि दृष्टी मागील रस्त्यावर जाते. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत 2022 साली हीच शिफारस करण्यात आली. लहान मुलांसाठी मागील दारांचे चाइल्ड लॉक लावलेले असावे, व त्यांना मोठ्यांनीच बाहेरून दरवाजा उघडून उतरवावे.

मोडलेला पाय पूर्ववत चालता होण्यास अनेक महिने लागतात. मागे वळून पाहण्यास दोन सेकंद पुरतात. आपल्या घरातील प्रत्येकास ही सवय लावावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.